सिंधुबाईंचा शब्द आणि कात्री-तलवार

सिंधुबाई एकदा बोलल्या की संपलं, ती काळ्या दगडावरची रेघ. कॉव्हेंट्रीत पस्तीस वर्षं काढली, तरी घरातलं कुठलंही मोठं पाऊल त्यांना विचारल्याशिवाय पडत नसे. याचा त्यांना अभिमान होता, नको तितका.

थोरला मुलगा सुखदेव वारला तेव्हा त्यानं उभारलेल्या गॅरेजात त्याची लेक सुमेधा राबत होती. बापाच्या जागी तीच येणार, हे सगळेच धरून चालले होते. धाकट्या दोघांना, जयंत आणि प्रमोदला, ते खुपत होतं. २००४च्या मार्चमध्ये एका रविवारी जयंत आईपुढे येऊन बसला.

"आई, तूच सांग. सुमेधानं आमच्या हाताखाली पगारावर राहायचं, की गॅरेज सोडायचं?"

सिंधुबाईंचं डोकं फिरलं. "सुखदेवची पोर तुमची चाकरी करणार? त्यापेक्षा गेलेली बरी."

आठवड्याभरात गॅरेजची कुलुपं बदलली. शब्द कुणाचा होता, ते जयंतनं सुमेधाला सांगितलं नाही. म्हातारी त्यामुळे त्याच्या मुठीत राहिली.

सुमेधानं साउथहॅम्प्टनच्या बंदरात नोकरी धरली आणि संध्याकाळी इतिहासाचा क्लास लावला. महिन्यातून एकदा यायची, आजीच्या डोक्याला तेल लावायची, काकांना मनसोक्त शिव्या द्यायची. पुढच्या वर्षी एकदा तेल लावता लावता तिनं फ्रान्सच्या जुन्या फ्रँक राजांची गोष्ट काढली.

"ते राजे केस कधीच कापत नसत, आजी. केस गेले की राज्य गेलं. एक राजा मेला, त्याची मुलं त्यांच्या आजीकडे होती. काकांनी फसवून ती नेली आणि आजीला निरोप्याहाती कात्री आणि तलवार पाठवली. चॉइस कर म्हणाले."

"मग?"

"ती रागात बोलली, केस कापण्यापेक्षा मेलेली बरी. काकांनी दोघांना मारून टाकलं. पण आजीचा फॉल्ट नाही ना. निरोप्या थांबलाच नाही. तिला विचार करायला टाइमच दिला नाही."

सिंधुबाईंना गप्प बसता आलं असतं. वर्षभर बसल्याच होत्या.

"जयंत थांबला होता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझ्याबद्दल मीच बोलले गं. गेलेली बरी, म्हणाले. त्यानं चहा संपवला, दोनदा म्हणाला, आई, बघ हं. मला शब्द फिरवायचा नव्हता."

सुमेधाचे हात थांबले. "आणि मी काकांना शिव्या द्यायचे, तू ऐकायचीस?"

"ऐकायचे."

सुमेधानं टॉवेलला हात पुसले, कोट घातला आणि ती गेली. पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.