लटारूने आवाज न देता उचललेलं छप्पर

आमच्या गावच्या तलावात मासे धरणारा लटारू ढिवर दिसायला काडी होता. फुंकर मारली तर तलावाच्या पाळीवरून खाली जाईल, असं लोक म्हणत. पण १९८४ साली पोळा होऊन आठ दिवस झाले होते, तेव्हा या काडीने जे केलं ते मी माझ्या खांद्यावर पाहिलं आहे. डोळ्यांनी तर सगळेच पाहतात.

आधी आमच्याकडची रीत सांगतो. गाव ब्रह्मपुरीपासून पाच कोसांवर. कोणाचं घर खचलं, भिंत पोट काढून आली, की गावातल्या दर घरामागे एक माणूस हजर व्हायचा. आपलं अवजार आपण आणायचं, आपली शिदोरी आपण बांधायची. घरधन्याने फक्त पाणी पाजायचं. याला आम्ही नुसतं 'मदत' म्हणत असू. छप्पर उचलायचं असलं की एकजण आवाज देई आणि बाकीचे "हईशा" करून जोर लावत. हा आवाज पूर्वी लटारूचा होता. असल्या बारीक गळ्यातून तो कसा निघे, देव जाणे!

मग एकदा त्याच्याच थोरल्या भावाचं छप्पर उचलताना मयाल कडाडली. मयाल म्हणजे खांबांवरची आडवी तुळई. लाकूड तुटायच्या आधी बोलतं, पण लटारूच्या ओरडण्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही. भावाचा पाय चेंगरला, तो कायमचा लंगडा झाला. त्या दिवसापासून लटारू प्रत्येक मदतीला यायचा, माती तुडवायचा, गाठी मारायचा. आवाज मात्र द्यायचा नाही, आणि भावाच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही. सहा वर्षं झाली होती. आता आवाज इतवारी देई. इतवारीचा गळा असा की त्याने बैलाला हाक मारली तर पल्याडच्या गावचे बैल वळत.

तर त्या पावसाळ्यात बौद्धवाड्यातली कांता बाळंत झाली. नवरा गुलाब चंद्रपूरकडे खाणीत कामाला, घरी सासू भागीरथाबाई तेवढी. पोरगा दिवस भरायच्या आधीच झाला आणि कांताचं रक्त थांबेना. नाल्याला पूर, जीप येणार नाही. नर्सबाई कशीबशी डोंग्यातून आली. तिने सुई दिली, रक्त थांबलं. जाताना ती बजावून गेली, "हिले हालवायचं नाई. खाटसुद्धा उचलायची नाई. दचकली, धडपडली, तर पुन्हा रक्त सुरू होईल."

आणि दुसऱ्याच सकाळी घराचा मधला खांब खचला. उधईने, म्हणजे वाळवीने, तो आतून केव्हाच पोकळ केला होता. आम्ही टेकू लावले, पण भुई इतकी ओली की टेकूच रुतत चालले. मयाल वीतभर खाली आली, बरोबर खाटेच्या वर. बाईला बाहेर काढावं तर रक्त, ठेवावं तर छप्पर. आम्ही अंगणात उभे.

इतवारी म्हणाला, "हाणा रे हईशा! एका दमात उचलू."

भागीरथाबाई अंगावर धावून आली. "तुह्या हईशाने मेलेली म्हैस उठन रे मेल्या! माही सून झोपून हाये."

मग ती लटारूकडे वळली. "लटारूभाऊ, तुमी करा."

लटारू मागे सरकला. "मी आवाज नाई देत, बाई. तुले माईत हाये."

"मंग नका देऊ," बाई म्हणाली. "मले आवाज नकोच हाये."

लटारू वळला आणि तलावाकडे निघून गेला. आम्हाला वाटलं, पळाला! पण तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर मोठ्या जाळ्याचा दोर होता, आणि मागे त्याचे दोन भाऊबंद एक काळाकुट्ट खांब वाहून आणत होते. तो येनाचा, म्हणजे ऐन झाडाचा, खांब त्याने स्वतःच्या पडवीसाठी तलावाच्या गाळात दोन वर्षं पुरून ठेवला होता. गाळात मुरलेल्या लाकडाला उधई तोंड लावत नाही.

"जाळं ओढताना आमी बोलत नाई," तो म्हणाला. "मासा पळते. दोर सांगते. एक झटका म्हणजे उचला. दोन झटके म्हणजे जिथं असान तिथं थांबा. दोर ढिला झाला की हळूहळू भार सोडा."

आधी अंगणात भरल्या बैलबंडीवर सराव केला. पहिल्याच झटक्याला इतवारी सवयीने ओरडला, "हईशा!"

"काऊन रे, तुले तोंड हाये का भोंगा?" लटारूने त्याच्या तोंडात एक सुपारी कोंबली. "चावाची नाई. ही फुटली तर तू बाहेर."

टेकू रुतू नयेत म्हणून लोकांनी आपापल्या घरांची दारं काढून आणली आणि आत भुईवर अंथरली. त्या दिवशी अर्धं गाव बिनदाराचं होतं, कुत्री घराघरांत फिरत होती! बायकांनी खाटेवर लुगडं ताणून चारी टोकं धरली, धूळ पडू नये म्हणून. सहा बल्ल्या, म्हणजे जाड वासे, वरच्या टोकाला मयाल धरायला बेचकं, एकेका बल्लीला दोन माणसं. इतवारी आणि मी तिसऱ्या बल्लीला. सगळ्यांच्या मनगटाला एकच दोर. आणि लटारू उखळावर उभा, दोराचं टोक हातात, कान मयालीला लावलेला.

झटका.

बारा माणसांनी श्वास कोंडून जोर लावला. छप्पर बोटभर वर आलं. पुन्हा झटका, पुन्हा बोटभर. एवढं मोठं कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, घर आमच्या खांद्यांवर वर चाललं होतं आणि आवाज म्हणाल तर लुगड्यावर पडणाऱ्या मातीचा, तांदूळ पाखडल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो, हा पाहा.

तिसऱ्या खेपेला दोन झटके. थांबा!

आम्हाला कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. लटारूने डोळे मिटूनच बोट दाखवलं, आमच्या बल्लीकडे. वर पाहिलं तर बेचकं केसाएवढं चिरलेलं! त्या लाकडाने काय सांगितलं आणि त्याने काय ऐकलं, ते त्यालाच ठाऊक. त्याच्या एका भाऊबंदाने दुसरी बल्ली शेजारी सरकवली. तोवर भार आम्हा दोघांच्या खांद्यांवर; इतवारीची मान लाल, गाल सुपारीने फुगलेला.

नेमकं तेव्हाच पोरगं रडलं.

बाराही माणसांचे डोळे कांताकडे. ती कुशीवर वळली. भागीरथाबाईने पोराला उचलून पदराखाली घेतलं आणि आपलं बोट त्याच्या तोंडात दिलं. पोरगं चोखू लागलं. कांता तशीच झोपलेली. मग झटका आला, अगदी हळू, जणू विचारून.

जुना खांब काढला तेव्हा त्यातून भुसा सांडला. काळा खांब उभा राहिला. दोर ढिला झाला, आम्ही मापाने भार सोडत गेलो आणि मयाल नव्या खांबावर बसली, कोंबडी अंड्यावर बसते तशी. लटारूने खांबाला पुन्हा कान लावला, तळहाताने थोपटलं, आणि मान हलवली. आम्ही चपला हातात घेऊन बाहेर आलो. इतवारीने सुपारी थुंकून सगळ्यांना दाखवली. अख्खी होती!

दिवस मावळताना कांता जागी झाली. म्हणाली, "आत्याबाई, खांब बदलायले लोकं कवा येऊन राह्यले?"

"येऊन गेले," भागीरथाबाई म्हणाली.

कांताने वर पाहिलं. मग खांबाकडे पाहिलं, त्याला अजून तलावाच्या गाळाचा वास येत होता. तिला खरं वाटेना.

लटारू दाराबाहेर, दोराची वेटोळी करत बसला होता. तो उंबऱ्याशी आला आणि आत न येताच विचारलं, "कांताबाई, आवाज आला का तुले?"

"कोनाचा, भाऊ?"

"माहा. आमचा. लाकडाचा. कोनाचाई."

"नाई."

"काईच नाई?"

"काईच नाई, भाऊ."

लटारूने तिसऱ्यांदा विचारलं. तिने तिसऱ्यांदा सांगितलं. मग तो दोर खांद्यावर टाकून निघाला, आणि घरी न जाता थेट थोरल्या भावाच्या ओट्यावर जाऊन बसला.