अहेरीच्या बाजारातली गुळवेल

अहेरीच्या बाजाराला जाऊ, असं सुधीरने एकदम जाहीर केलं तेव्हा मी खूश झाले. मग कळलं, फिरायला नाही, गुळवेल आणायला जायचंय.

झालं असं, हा माझा नवरा चंद्रपुरात जुन्या बॅटऱ्या फोडून परसातल्या भट्टीवर शिसं वितळवतो. त्याच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, गुळवेलीचा काढा हवा तर प्या, पण आधी भट्टी बंद करा. साहेबांनी फक्त पहिलं ऐकलं! शिसं दिलेल्या उंदरांना गुळवेलीच्या अर्काने फरक पडला, असं मोबाइलवर वाचल्यापासून 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द तोंडी बसलेला. मी म्हटलं, त्या उंदरांना भट्टी पेटवायची नसते. पण ऐकेल तर शपथ.

सकाळी लवकर निघा. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता. ट्रक फार, दुचाकीवाल्यांनी तोंडाला रुमाल बांधाच. आष्टीला गरम आलूबोंडा खाल्ला, तिखट आणि स्वस्त. तिथवर मी भांडतच होते. पुढे सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं आणि आपोआप गप्प बसले.

बाजारात मोहफुलं, डिंक, सुकी मासळी. एका बाईंकडे गुळवेलीच्या मोळ्या होत्या. सुधीर म्हणाला, आमच्या परसातल्या कडुनिंबावर याहून जाड आहे, रोज तिचाच काढा करतो, पण रानातली जास्त लागू पडेल. बाई आपल्या मालाचं कौतुक सांगत होत्या.

"आतल्या जंगलातली आहे भाऊ. ट्रकची धूळ खाल्लेली वेल मी नाई आणत."

सुधीरचा हात मोळीवरच थांबला. आमचा कडुनिंब भट्टीला लागून आहे. राख त्याच्या बुडाशी, बॅटऱ्या धुतलेलं पाणीही तिथेच. आणि बाबा पितात म्हणून आमची सात वर्षांची गौरी त्या काढ्यातला घोटभर रोज मागून पिते.

"पोरीले पण तेच पाजलं मी," तो एवढंच बोलला. मला भर बाजारात रडू आलं. परतताना आलूबोंडा कोणालाच सुचला नाही.

घरी पोचल्यावर कपडेही न बदलता त्याने भट्टी फोडली. गौरीचं रक्त तपासायला दिलंय, रिपोर्ट यायचाय. जीव टांगणीला लागलाय. पुढे धंदा कोणता, तेही ठरलेलं नाही.

तुम्ही अहेरीला जरूर जा, बाजार छान आहे. आमची मोळी ओट्यावर तशीच पडून आहे. गुळवेल मोठी चिवट, माती ना पाणी, तरी तिला पान फुटलंय. काल गौरीने विचारलं, "बाबा, इले परसात कुठी लावू?"

सुधीरने परसातल्या कडुनिंबाकडे पाहिलं.

"कुंडीत लाव बेटा," म्हणाला. "माती मी दुसरीकडून आणतो."