काळा चौकोन आणि चार बोटं

"काळा! नुसता काळा चौकोन दिसतोय म्हणे त्या बाईंना!" भिंगरीनं फोन टेबलावर आपटला. सुयांची डबी उडाली.

"आपटल्यानं उजळणारे का तो?" मावशी सुया वेचत म्हणाली.

जिन्याखालची ही खोली मावशीची. काम रफूचं. फाटलेल्या कापडात धागा असा विणायचा की भोक शोधूनही सापडू नये. पण हल्ली फाटलं की लोक फेकूनच देतात. मावशीच्या वाट्याला चेन बदलणं नि पँटी आखूड करणं उरलेलं. त्यात एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, जुना लोकरी कोट उंदरानं कुरतडलाय, तुमचं काम वेबसाइटवर दाखवा, संध्याकाळपर्यंत ठरवते. दुसरीकडे चकचकीत साइटवाली मोठी लॉन्ड्री टपलेलीच होती.

भिंगरी ही मावशीची भाची. शाळा अर्ध्यात सोडलेली, एका जागी टिकेल तर शपथ. पण मावशीला कुणी मागं टाकलेलं तिला खपत नसे. साइट तिनंच बनवली. काकांच्या जुन्या कोटाला मुद्दाम भोक पाडून मावशीला रफू करायला बसवलं, फोनवर शूटिंग केलं, आणि फाइल जशीच्या तशी चढवली. तिथंच माती खाल्ली. नव्या फोनचा तो फॉरमॅट बाईंच्या जुन्या कॉम्प्युटरला झेपेना. वर फाइल हत्तीएवढी.

मग तिनं कुठंही चालणारी साधी एमपी-फोर केली, आणि दाबून दाबून साइज इतकी उतरवली की बोट लावताच व्हिडिओ पळायला लागला.

मावशीनं चष्मा चढवला. "भोक कुठाय?"

"हे काय, इथं..." भिंगरीनं फोन नाकाशी धरला. दाबण्याच्या नादात कापडाचा पोत पुसला गेला होता, त्याबरोबर भोकही.

"भोकच नाही, मग मी काय हवेत सुई नाचवतेय? बाई म्हणतील, हिला वेड लागलंय."

"मग काय करू? मोठी ठेवली तर उघडत नाही, बारकी केली तर दिसत नाही!"

"अख्खा कोट कशाला दाखवतेस गं? मी चार बोटांएवढंच बघते. बाकीचा कोट गेला उडत."

भिंगरी उठली, बसली, परत उठली. मग मूळ व्हिडिओवर कात्री चालवली. नुसतं भोक, सुई आणि मावशीची बोटं ठेवली, मधलं रटाळ उडवलं. आवाजही काढून टाकला, कारण त्यात तिचीच बडबड होती: "नवा धागा लाव ना, कुणाला कळतंय?" आणि मावशीचं उत्तर, "कोटाला कळतं. त्याच्याच शिवणीतला काढून घ्यायचा." असलं कोण ऐकणार!

आता फाइल हलकी आणि धागा न धागा मोजून घ्या. दिवेलागणीला बाईंचा फोन आला. कोट मावशीकडेच.

"बघितलंस? चार बोटांनी लॉन्ड्री लोळवली!" भिंगरी दारापर्यंत नाचत गेली.

पुढं बाई स्वतः कोट न्यायला आल्या तेव्हा खरं काय ते कळलं. पहिल्या व्हिडिओत चित्र काळं होतं, पण आवाज येत होता. "कोटाला कळतं" कानावर पडलं तेव्हाच त्यांचं ठरलं होतं. दुसरा व्हिडिओ त्यांनी उघडलाच नव्हता.