चाकातला आऊट

गेल्या रविवारी सकाळी कात्रपच्या आमच्या सायकलच्या गाळ्यात मला एक गोष्ट कबूल करावी लागली. इथे लिहू की नको यात तीन दिवस गेले... शेवटी म्हटलं, लिहून टाकू.

आमचा गाळा म्हणजे दुकान नाही. आम्ही सायकल दुरुस्त करून देत नाही, करायला शिकवतो. पाना तुमच्या हातात, आम्ही नुसते शेजारी... आणि सगळं फुकट. ट्यूब, ब्रेकचे रबर वगैरे उल्हासनगरचे एक सिंधी दुकानदार पाठवतात आणि दर वेळी हसतात. "साईं, ये कैसी दुकान है? जो सीखा, वो गया."

सुरुवातीला आम्ही पाच जण होतो. मग एकाचा गुडघा, एकाची मुलगी अमेरिकेत, एकाला गाण्याचा क्लास, एकाला नुसताच कंटाळा... आता रविवारी सकाळी ग्रुपवर चार अंगठे येतात, माणूस एकही येत नाही.

तीस वर्षं अंबरनाथला कंपनीत मेंटेनन्सला काढली, हाताला काम नसलं की करमत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. ते अर्धंच खरं आहे. बायको नातवाला सांभाळायला चार महिन्यांसाठी बंगळुरूला गेली, त्याला आता दीड वर्ष झालं. घरी कुकर मीच लावतो आणि शिट्ट्याही मीच मोजतो.

आणि गाळ्यात शिकलेला माणूस परत येत नाही. यायचं कारणच उरत नाही ना...

मध्यंतरी सुनंदाताई यायला लागल्या. इथल्याच गावठाणातल्या, पन्नाशीच्या. सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जातात, पाच घरं, सगळीकडे सायकलवर. हात असा तयार की पहिल्या रविवारी पंक्चर, दुसऱ्या रविवारी ब्रेक, तिसऱ्याला चेन.

काम करता करता बोलायच्या. कोणाच्या घरी कणीक सैल लागते, त्यांच्या भाताच्या शेतावर आता कुठली बिल्डिंग उभी आहे... मी स्टूलवर बसून ऐकायचो. आठवडाभरात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

चौथ्या रविवारी त्यांचं मागचं चाक फिरवून पाहिलं तर आऊट होतं. म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलत होतं. काही तारा आवळल्या, काही सैल केल्या की सरळ होतं... वीस मिनिटांचं काम. गाळ्यात तिसरं कोणी नव्हतं, वेळच वेळ होता.

मी म्हटलं, हे मोठं काम आहे, पुढच्या रविवारी बघू.

धडधडीत खोटं बोललो. चाक झालं की त्यांचं शिकणं संपणार, मग त्या कशाला येतील... एवढंच डोक्यात होतं. सायकल चालतेय की, एका आठवड्याने काय बिघडतंय, अशी स्वतःची समजूतही घातली.

बिघडलं. बुधवारी सकाळी रस्त्यात दोन तारा तुटल्या आणि चाक फ्रेमला घासून अडकलं. ताईंनी सायकल मागून उचलून धरत चालत नेली. पहिल्या घरी पोचेपर्यंत तिथले साहेब डब्याशिवाय ऑफिसला निघून गेले होते. उद्यापासून येऊ नका, असं त्या घराने तिथल्या तिथे सांगितलं.

हे मला रविवारी कळलं. तक्रार म्हणून नाही सांगितलं त्यांनी. सायकल उलटी करून ठेवली, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, चेन लावताना माझाच कायतरी चुकला असल. तुमी शिकवला तसा मना जमला नाय."

माझी मान वर होईना. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. त्या स्वतःला दोष देत राहिल्या असत्या आणि मला आणखी दोन-तीन रविवार मिळाले असते. खोटं कशाला सांगू, गप्प बसायचा विचार येऊन गेला...

मग सांगितलं. चेन बरोबर लावली होती, चूक तुमची नाही. चाक त्याच दिवशी सरळ करता येत होतं. तुम्ही परत यावं म्हणून मी ते तसंच ठेवलं. एवढं बोलायला मला जितका वेळ लागला, तितक्यात एखादं चाक सरळ झालं असतं.

त्या उठून उभ्या राहिल्या. वाटलं, आता जातील. पण त्यांनी हात पुढे केला आणि तारा आवळायची चावी मागितली. मी दाखवत गेलो, त्या करत गेल्या. तुटलेल्या तारा बदलल्या, चाक सरळ झालं... त्या वीस मिनिटांत कणकेचा विषय निघाला नाही, कुठलाच निघाला नाही.

काम सुटलं त्या घरी जाऊन माझी चूक सांगतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. सायकल बाहेर काढली आणि माझ्याकडे न बघता बोलल्या, "सोबत पायजे व्हती त तसा सांगाचा, दादा. चाक कशाला वाकडा ठेवला?"

आणि गेल्या. ते घर त्यांना परत मिळालेलं नाही. येत्या रविवारी त्या येतील असं वाटत नाही, आणि या म्हणायला आता माझं तोंडही नाही.

पण त्यांनी सांगितलं ते ऐकायचं ठरवलंय. म्हणून ही पोस्ट. रविवारी नऊ ते बारा मी गाळ्यात असतो. एकटा असतो, आणि एकटं राहणं मला जमत नाहीये... हे मी बायकोलाही फोनवर कधी सांगितलेलं नाही, आता तीही वाचेल.

कोणी आलात तर खरंच बरं वाटेल. सायकल नसली तरी चालेल.