शेवटचा घेणारा

"घेतला," असं म्हणून ते चहाचा कप दोन्ही हात पुढे करून घ्यायचे. कप तो केवढा, कॉलेजच्या कँटीनचा, दोन घोटांत संपणारा. पण हे असे हात पुढे करायचे, जणू कुणी त्यांच्याकडे पाण्याची घागर देतंय.

लातुरातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दारापासून खिडकीपर्यंत खुर्च्यांची एकच रांग होती. शिपाई दारातच ट्रे धरून उभा राहायचा आणि कप हातोहात आत सरकायचे. जीवशास्त्राचे हे सर कायम खिडकीजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसायचे. तिथे पंख्याचं वारं पोचत नव्हतं आणि दुपारचं ऊन थेट मांडीवर यायचं. एकदा मी म्हणालो, इकडे सरका की. ते म्हणाले, "सरकून कसं चालंल? मी न्हाई घेतला तर तुम्ही सगळे कप धरून बसताल. शेवटी घेणारा पाहिजे."

असे एकाच गोष्टीने झपाटलेले लोक तुम्हीही पाहिले असतील. कुणाला पत्त्यांचं वेड असतं, कुणाला होमिओपॅथीचं. आमच्या सरांना पेशीतल्या श्वसनाचं होतं. अभ्यासक्रमात तो एक धडा आहे. बाकीचे शिक्षक तो आठवड्यात उरकतात. सर त्यात शिरले की पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत बाहेर येत नसत.

मी मराठी शिकवायचो. लातुरात सायन्सच्या पोरांना मराठी शिकवणं म्हणजे काय, ते सांगत बसत नाही. माझा वर्ग बहुधा रिकामाच असे, त्यामुळे मी मागच्या बाकावर बसून त्यांचे तास ऐकायचो. पुढे घरंही शेजारी शेजारी झाली. त्या धड्यातलं मला जे काही कळतं ते सगळं त्यांचंच आहे, आणि चुकलं तर तेवढं माझं.

ते मूळचे हदगावकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. ग्लुकोजमध्ये कार्बनचे सहा अणू असतात आणि श्वसनाच्या पहिल्या पायरीला त्याचे तीन-तीनचे दोन तुकडे होतात. हे ते असं सांगायचे, "सहा एकर रान, दोघं भाऊ, तीन-तीन एकर. पण वाटणी फुकट व्हती का? आधी पदरचे दोन एटीपी घाला, मग चार हातात येतात." एटीपी म्हणजे पेशीचं चलन, एवढं आम्हाला माहीत होतं. एका पोराने हे घरी इतक्या मोठ्याने पाठ केलं की त्याचे वडील आणि चुलते दोघेही कॉलेजात आले. "सर, आमचं बी सहाच एकर हाय. तुमी वाटणी बराबर करता मनं." सर खरंच गेले. बांधावर उभं राहून त्यांनी दोघा भावांना ग्लुकोज समजावून सांगितलं. भाऊ इतके कंटाळले की वाटणीचा विषयच त्यांनी सोडून दिला. ते अजून एकत्र आहेत.

दुसरी गोष्ट थर्मासची. तपासणीला आलेल्या साहेबांनी टेबलावरचा थर्मास उघडून बशीत चहा ओतायला घेतला, तर मोड आलेली मटकी पडली आणि पाठोपाठ थर्मामीटर. प्राचार्यांचा चेहरा पडला. सर मात्र खूश. "हात लावून बघा साहेब. गरम हाय का न्हाई? मटकी श्वसन करून राहिली." साहेबांनी बोट लावलं आणि गरम आहे हे कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या डब्यात मटकीची उसळ होती. ते हळूहळू चावत म्हणाले, "काल हिचं हिच्यात चालू व्हतं. आज हिचं माझ्यात चालू हाय."

या सगळ्याचा त्रास कुणाला व्हायचा, तर सरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना. वहिनी साध्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, डोक्यावर स्वतःचं छत. लग्नानंतरची सगळी वर्षं त्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिल्या. वरच्या मजल्यावर घरमालक होता आणि त्याच्या चालण्याने वहिनींच्या फोडणीत छताचे पोपडे पडायचे. अखेर माझ्या शेजारचा प्लॉट घेतला, भिंती उभ्या राहिल्या आणि स्लॅबचा दिवस ठरला. वहिनींनी देगलूरच्या मिस्त्रीला बजावून ठेवलं होतं, काँक्रीट वर चढवायची लिफ्टची मशीन आणा, एका दिवसात काम झालं पाहिजे.

सरांनी मशीन परस्पर रद्द केली आणि अकरावीचा वर्ग बोलावला. प्राचार्यांकडून क्षेत्रभेट म्हणून परवानगीही काढली.

त्यांचं म्हणणं असं होतं. भाकरीतून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीत हातोहात पुढे जातात. प्रत्येक हाताशी थोडी थोडी ताकद सुटते आणि त्या ताकदीवर एटीपी तयार होतं. रांगेच्या टोकाला ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. एवढंच त्याचं काम. आपण जन्मभर श्वास घेतो तो या शेवटच्या घेणाऱ्यासाठी. हे फळ्यावर सांगून कळत नाही, घमेलं हातात आलं की कळतं.

सकाळी नारळ फुटला. खाली मिक्सर घरघरायला लागला. शिडीवर, परांचीवर पोरंपोरी उभी राहिली. प्रत्येकाच्या छातीवर पिनेने लावलेली चिठ्ठी, त्यावर त्याचं पेशीतलं नाव. मला सायटोक्रोम केलं होतं. "मराठी सर सडपातळ हाईत, इकडून घेऊन तिकडं पळायचं काम त्यांना जमंल." भौतिकशास्त्राच्या सरांनी शंका काढली की इलेक्ट्रॉन उताराकडे जातात, घमेलं तर चढाला चाललंय. आमचे सर म्हणाले, "मनून तर घाम यायलाय." टोकाला, वर सळ्यांच्या जाळीवर, ते स्वतः उभे होते. छातीवर ऑक्सिजन. प्रत्येक घमेलं दोन्ही हातांनी घ्यायचे, "घेतलं" म्हणायचे आणि मिस्त्रीकडे द्यायचे.

खरं सांगतो, काम झकास चाललं होतं. अर्धा स्लॅब पडला. वहिनी खाली मांडवात जिलेबीची परात झाकून उभ्या होत्या आणि त्यांचं सारखं वर लक्ष होतं. त्यांना इतकं आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शिडीच्या मधल्या पायरीवरची मुदखेडची एक मुलगी बोलली. वर्षभर तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, ऑक्सिजन नसला तर?"

आता तुम्ही सरांच्या जागी जाऊन बघा. हा माणूस आयुष्यभर एकच धडा शिकवत आला आणि त्याला पोरांनी एकच प्रश्न विचारला, सर, हे परीक्षेला येतं का? हा पहिला खरा प्रश्न. सरांनी हातातलं घमेलं मिस्त्रीकडे दिलं. मग म्हणाले, "दाखवतो." आणि दुसऱ्या बाजूच्या शिडीने सरळ खाली उतरले. वाळूच्या ढिगावर बसले आणि मिस्त्रीला ओरडून सांगितलं, माझ्या जागी कुणी उभं राहायचं न्हाई.

वरून खालपर्यंत रांग तुंबली. प्रत्येकाच्या हातात भरलेलं घमेलं, पुढच्याचे हात रिकामे नाहीत. मिक्सर ओततच होता. पोरांचे दंड थरथरायला लागले. "सर, हात भरून आले," कुणीतरी कळवळून म्हणालं. सर वाळूवर उभे राहिले. "आता कळलं? पुढं घेणारा न्हाई मनल्यावर पेशी असंच कसंबसं भागवती. थोडक्या ताकदीवर. आन् दुखायलंय ते लॅक्टिक आम्ल."

"सर, माल मरायलाय, घट्ट व्हायलाय," मिस्त्री वरून म्हणाला.

वहिनी मांडवातून पुढे आल्या. "अवो, वर जा ना."

"थांब जरा. आज कुणीतरी घ्यायलंय."

ते त्या मुलीला समजावत राहिले. तिने दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. पोरांनी घमेली जागच्या जागी ठेवली आणि ती सावलीत जाऊन आडवी झाली. जिलेबी तेव्हाच वाटावी लागली. उन्हाळ्याचे दिवस, टाकलेला माल तव्यावरच्या भाकरीसारखा बघता बघता सुकला. उरलेला अर्धा स्लॅब उन्हं उतरल्यावर पडला. दोन अर्ध्यांच्या मध्ये, बैठकीच्या बरोबर मधोमध, एक सांधा राहिला.

पावसाळ्यात तो गळायला लागला.

वहिनी बरेच दिवस सरांशी बोलल्या नाहीत. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "भाऊजी, मला छत पाहिजे व्हतं, ह्यांना धडा पाहिजे व्हता. मशीन सांगा मनलं तर पोरं सांगितली." मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. त्यांनी सांध्याखाली एक पितळी पातेलं ठेवलं. लातुरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे त्या ते पाणीही झाडांना घालायच्या आणि घालताना सरांना ऐकवायच्या.

सर मात्र त्या पातेल्याशेजारीच खुर्ची टाकून बसायचे. आल्या-गेल्याला वर बघायला लावायचे. "शेवटी काय व्हतं? पाणी. घर श्वसन करून राहिलं." मिस्त्री दरवर्षी म्हणायचा, वरून केमिकल मारून देतो. सर म्हणायचे, पुढच्या साली बघू. त्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं. तिचा विषय निघाला की ते एवढंच म्हणायचे, "तिनं घेतलं."

मागच्या उन्हाळ्यात ते दवाखान्यात होते. तोंडावर मास्क होता. तरुण डॉक्टरने विचारलं, काका, श्वसनाचा त्रास कधीपासून आहे? सरांनी मास्क बाजूला केला. "त्रास श्वास घ्यायला हाय. श्वसन आत पेशीत असतं, ते माझं चांगलं चालू हाय." डॉक्टरने मास्क परत लावला. दोन दिवसांनी तेही थांबलं.

त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. दिवसकार्य झाल्यावर जाण्याआधी त्याने आईसाठी एक काम उरकलं. मिस्त्रीला बोलावून सांधा बुजवून घेतला. वहिनींना इतकी वर्षं हवं होतं ते छत शेवटी मिळालं. मला वाटलं, बरं झालं.

भाद्रपदात एके दुपारी जोराचा पाऊस आला. वहिनींनी मला हाक मारली म्हणून मी गेलो. त्या बैठकीत उभ्या होत्या, पातेलं नेहमीच्या जागी होतं, शेजारी सरांची खुर्ची. बाहेर पाऊस कोसळत होता. त्या वर बघत होत्या, म्हणून मीही बघितलं. छत कोरडं ठणठणीत होतं.

"सकाळपासून बगायलेय," त्या म्हणाल्या. "एक थेंब न्हाई, भाऊजी."

मग त्या खाली वाकल्या, रिकामं पातेलं उचललं आणि माझ्यापुढे धरलं. त्या रडत होत्या. पातेल्याला वजन असं नव्हतंच, पण माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले.

"घेतलं," मी म्हणालो.