नखं बघायची असतात: मावशीबरोबर वसई-विरारचे दोन वृद्धनिवास

शेवटी दुधानेच निर्णय घेतला. मालूमावशीने पातेलं गॅसवर चढवलं आणि तिला झोप लागली. दूध उतू गेलं, बर्नर विझला, आणि गॅसचा वास आला म्हणून शेजारच्या वहिनींनी दार बडवून तिला उठवलं. वहिनींचा मला फोन आला. "आज आम्ही घरी होतो म्हणून निभावलं. रोज असूच असं नाही हो."

मालूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलं नाही, मुंबईच्या इस्पितळात चौतीस वर्षं सिस्टर होती. निवृत्तीनंतर वसईला एव्हरशाईन सिटीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. काचबिंदूने नजर निम्मी नेली, गुडघे वाकत नाहीत, जीभ मात्र शाबूत. आई गेल्यापासून तिचं म्हणावं असं माणूस मीच, आणि मी नाशिकला. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, आता एकटं राहायचं नाही. मी चाचरत वृद्धनिवासाचा विषय काढला, तर म्हणाली, "बघू की. पण बघणार मी. तू नुसती गाडी चालव."

पहाटे साडेपाचला निघाले. कसारा घाट उतरून भिवंडीपर्यंत रस्ता छान आहे. तिथून वसईकडे वळलात की कामणचा रस्ता लागतो, आणि तिथे देवाचं नाव घ्यायचं. गोदामांचे कंटेनर पुढे, कंटेनर मागे, आणि मधे खड्डे. नऊच्या आत पार करा, नाहीतर बोंबला. मी नाश्त्याला इगतपुरीत तासभर रेंगाळले होते, त्यामुळे मी बोंबलले. एव्हरशाईनला पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. मावशी कॅनव्हासचे बूट घालून गेटवर उभी. "इगतपुरीला वडे खात बसली असशील," हे स्वागत.

पहिलं ठिकाण हायवेच्या बाजूला, नवंकोरं. लिफ्ट, लायब्ररी, पोहण्याचा तलाव, योगासाठी हिरवळ. अनामत रक्कम ऐकून मी पाणी मागितलं. मॅनेजर तरुण आणि गोड स्वभावाचा होता, मावशीचा हात धरून प्रत्येक पायरीला थांबत होता. मी तर मनातल्या मनात खोलीला पडदे लावून मोकळी झाले होते.

मावशीने विचारलं, "अंथरुणाला खिळलेली माणसं कुठे असतात?"

"मॅडम, आपल्याकडे सगळे अ‍ॅक्टिव्ह सीनिअर्स आहेत."

"आणि अ‍ॅक्टिव्ह राहिले नाहीत की?"

"मग फॅमिलीशी बोलून डिसिजन घेतो." बिचारा खरं बोलला.

परत जाताना व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत एक आजोबा बसले होते. मावशीने त्यांना नमस्कार केला, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकता येईल तेवढं वाकून त्यांच्या पायांकडे बघितलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "इथे नाही."

"अगं पण का? इतकं सुंदर आहे!"

"नखं बघितलीस त्यांची? मांसात घुसलीत. फरशी कुणीही पुसून घेतं गं, त्याला माणसं ठेवता येतात. नखं कापायला कुणीतरी पायाशी बसावं लागतं. वॉर्डात नवीन पोरी आल्या की मी त्यांना आधी हेच शिकवायचे."

मी वाद घातला. ती हरणार थोडीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्नाळ्याच्या वाटेवरचं ठिकाण. पूर्वेकडून पूल ओलांडून पश्चिमेला आलं की गर्दी मागे पडते आणि केळीच्या वाड्या सुरू होतात. गाडी असेल तर उत्तम. नाहीतर विरार स्टेशनवरून बस आहे, रिक्षाही मिळतात. बैठं घर, मोठं अंगण, अठरा माणसं. तलाव नाही, हिरवळ नाही. फिनेल आणि तळलेल्या मांदेलीचा एकत्र वास. माझं नाक मुरडलं गेलं, मावशीचं फुललं.

चपला-बूट बाहेर काढून आत गेलो. मावशीने तपासणी सुरू केली. संडासातला, धरून उठायचा दांडा ओढून बघितला. "चार बोटं खाली हवा होता." रिकाम्या खाटेजवळची घंटा दाबली आणि मला घड्याळ बघायला लावलं. चार मिनिटं झाली तरी कुणी येईना. मी म्हटलं, झालं, हेही बाद. पाचव्या मिनिटाला ओल्या हातांनी एक बाई धावत आली. सुमन, अर्नाळ्याची कोळीण, पन्नाशीची.

"आले, आले! एका आजीची पाठ पुसत होते, तिला तशी ओली कशी सोडू?"

"नाहीच सोडायची," मावशी म्हणाली आणि तिचा आवाज बदलला.

मग ती खाटेखाटेशी थांबून प्रत्येकाचे पाय बघत गेली. नखं सगळ्यांची कापलेली. सुमन हसायला लागली. "मावशी, तुम्ही सगल्यांचे पाय बघता, तुमचे कोन बघतं?"

मी खाली बघितलं. मावशीचे पाय अनवाणी होते. अंगठ्याचं नख वाढून वळलं होतं, करंगळीचं शेजारच्या बोटात रुतलं होतं, तिथे काळं पडलं होतं. वाकता येत नाही, दिसत नाही, कापणार कशी?

"कुणी नाही," मावशी म्हणाली.

दर दिवाळीला मी या पायांवर डोकं ठेवते हो! कधी दिसलं नाही मला. जमीन दुभंगावी असं वाटलं.

सुमनने खुर्ची पुढे ओढली. "बसा. पानी गरमच हाय." घमेल्यात कोमट पाणी आलं, मीठ आलं. अर्धा तास पाय भिजवून तिने एकेक नख कापलं, मांडीवर पाय घेऊन, अर्नाळ्याच्या बाजाराच्या गप्पा मारत. मावशीने डोळे मिटले होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं केलेली बाई, खुर्चीत लहान दिसत होती. मी बाहेर जाऊन रडले.

अंगणात येऊन मावशीने सांगितलं, "इथे येते मी. तो दांडा तेवढा बदलून घ्या म्हणावं."

जेवायला जवळच्या खानावळीत थांबलो. मांदेलीची थाळी अडीचशे रुपये, ताजी आणि झणझणीत. रस्त्यावरच्या बाईकडून वेलची केळी घेतली, ती मात्र घासाघीस न करता घ्या, तेवढ्या चवीची असतात. परत निघाल्यावर गाडीत मी म्हटलं, "मावशी, त्यापेक्षा माझ्याकडे चल ना नाशिकला."

"नको गं. तुझ्या सासूबाई झोपून आहेत, पोरीची बारावी आहे. तू काय काय करशील?"

आता घरी येऊन आठ दिवस झाले. मावशी एक तारखेला राहायला जातेय, दांडा बदलल्याचा फोनही आला. मैत्रिणी विचारतात, जागा बघताना काय बघायचं? घंटा दाबा आणि थांबा, दांडा ओढा, पाय बघा. हे सगळं मावशीचं.

माझं जे आहे ते लिहायला लाज वाटतेय. 'नाशिकला चल' हे मी कधीही विचारू शकले असते. डॉक्टर बोलले त्या दिवशी, गॅसचा फोन आला त्या दिवशी. नाही विचारलं, कारण ती 'येते' म्हणाली असती तर? तिचं ठरलं, ती येणार नाही याची खात्री झाली, तेव्हा विचारलं. आणि ती 'नको गं' म्हणाली तेव्हा माझ्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला, चांगला मोठा. गाडीच्या काचा बंद होत्या. मावशीने माझ्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "विचारलंस, बरं वाटलं. आता समोर बघ."