श्वास धरून तपासलेला दवाखाना

तिकोणा पेठेत सकाळी जीपमध्ये बसताना शेजाऱ्यानं हटकलं, "आबा, बरं न्हाई काय?"

म्हटलं, "मला काय धाड भरलीय? दवाखान्याला बरं हाय का, ते बघाया चाललोय."

थट्टा नव्हती. लोणावळ्यात तुंगार्लीच्या अलीकडे एक खाजगी दवाखाना आहे. आमच्या पवनेच्या भागातले तातडीचे रोगी आधी तिथं न्यायचे की नाही, हे ठरवायला तालुक्यानं तिघांना धाडलं. एक डॉक्टरीणबाई, तळेगावचे एक मास्तर आणि गावातर्फे मी. माझी शाळा चौथीतच सुटली. पण गेल्या थंडीत माझी बायको सखू दम्यानं गेली. जिथं नेलं तिथं ऑक्सिजनचा सिलिंडर उशाशी उभा होता, आणि तो उघडणारा माणूस गावाला गेला होता. म्हणून ग्रामसभेत उभा राहून म्हणालो, मी जातो. कोणी नको म्हणालं नाही.

रस्ता धरणाच्या कडेनं वळत जातो. भाताच्या खाचरांत इंद्रायणी पिकून वाकली होती, वास गाडीत येत होता. सखू असती तर दुसऱ्यांच्या पिकाला नावं ठेवत आली असती. गाडीत फार शांत वाटलं.

दुधिवरे खिंडीत मास्तरांना मळमळलं, म्हणून उतरलो. लोहगडवाडीची एक बाई गडावर जाणाऱ्या पोरांसाठी झुणका-भाकर मांडून बसली होती. मास्तर लिंबू चोखत बसले, मी त्यांच्याही वाटणीची भाकरी खाल्ली. कुठं निघालो ते ऐकून बाई म्हणाली, "तपासाया जानारं लय बघितलं, आबा. परत येताना समद्यांच्या अंगावर शाल असती."

ती खोटं बोलली नव्हती. दवाखान्याच्या दारात रांगोळी, टेबलावर तीन शाली, तीन नारळ. डॉक्टर तरुण, अदबीचा. म्हणाला, "आधी सत्कार, मग चहा, मग निवांत पाहणी करू."

म्हटलं, "शाल पांघरल्यावर दोष दिसत न्हाईत, डॉक्टर. आदी काम दावा."

मास्तरांनी माझा सदरा ओढला. मी ओढू दिला.

डॉक्टरीणबाईंनी फ्रीजातल्या लसी पाहिल्या, सुया टाकायचा डबा पाहिला. सगळं स्वच्छ, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यात सिलिंडर होता, हळदकुंकू लावलेला, गळ्यात झेंडूची वाळकी माळ. बाईंनी काटा पाहिला, "भरलेला आहे," म्हणाल्या आणि पुढं निघाल्या.

मी खाटेवर आडवा झालो.

"हे काय, आबा?"

"मला दम लागलाय. मी श्वास धरतो, तुमी हवा सुरू करा." आणि नाक दाबलं.

सिस्टर धावली. सिलिंडर उघडायचा पाना जागेवर नव्हता. खण उघडले, कपाट उघडलं, डॉक्टर स्वतः खाटेखाली वाकला. शेवटी मलाच श्वास सोडावा लागला.

"मेलो," मी म्हणालो. "हुडका अजून."

मग सिस्टरला आठवलं. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजली, तेव्हा पानाही देव्हाऱ्यात ठेवला होता. दसरा उलटून गेला, पण तो उचलला कुणीच नाही. गणपतीपुढं कात्रीशेजारी कुंकू लावून पडला होता. आम्हीही विळे-कोयते पुजतो. पण कापणीला उचलतो.

डॉक्टरचा चेहरा उतरला. "चूक झाली, आबा."

"झाली ती माज्यावर झाली, ब्येस झालं. मी खोटा मेलोय. आता पाना साखळीनं हितंच बांदा. आन हितल्या परत्येकाला उघडता आलं पायजे."

त्यानं तिथंच साखळी आणवली, बांधली, सगळ्यांना शिकवलं. मी पुन्हा पुन्हा आडवा झालो. शेवटी झाडणाऱ्या मावशीची पाळी. ती म्हणाली, "आबा, माज्या हातनं खरंच मराल."

"मंग डोळं मिटून घे. मी धरतो श्वास."

दम सुटायच्या आत फुस्स आवाज झाला आणि नाकावर गार हवा आली. मावशीनं मास्क नीट बसवला होता. मास्तरांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मी पडल्या पडल्याच बाईंना म्हणालो, "आता लिवा, दवाखाना पास." माझी शाल मावशीच्या खांद्यावर टाकली आणि चहा मागितला.

दिवेलागणीला गावात उतरलो. घरात सांगायला कुणी नाही, म्हणून पारावरच सगळं सांगितलं, दोनदा. शेजारची शेवंता ऐकत होती. तिलाही दमा आहे.

"आबा, ती हवा कशी लागती वो?"

"गार. आदी भ्या वाटतं, मंग छाती आपसूक उघडती."

ती म्हणाली, "तर मंग यंदा कापनीला मी येते. मागल्या साली दम लागंल ह्या भ्यानं घरात बसले हुते."

सखू गेली ती गेली. कितीही दवाखाने तपासले तरी ती मागं येणार नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण दुसऱ्या दिवशी मी खाचरावर पोचलो, तर शेवंता कमरेला पदर खोचून, विळा घेऊन आधीच बांधावर उभी होती. उशीर केला म्हणून मलाच बोलत होती.